सर्व्हर बंद झाला तर स्मार्ट प्लगचं काय?

स्मार्ट प्लग म्हणजे फोनवरून चालू-बंद करता येणारा वायफाय प्लग. कंपनीने सर्व्हर बंद केला की तो भंगारात, असं काही जण म्हणतात. ते आत कोणती चिप आहे त्यावर ठरतं. ईएसपी८२६६ ही वायफाय चिप असेल तर टास्मोटा हे मुक्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) चढतं आणि प्लग कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतो. प्लग भिंतीतून काढा (हे सगळ्यात आधी!) आणि वीज फक्त चिप संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी-सीरियल अ‍ॅडाप्टरमधून द्या, तीही ३.३ व्होल्ट, ५ व्होल्टने चिप जळू शकते. आरएक्स (डेटा घेणारी पिन) आणि टीएक्स (डेटा पाठवणारी) उलट जोडायच्या, म्हणजे एकाची आरएक्स दुसऱ्याच्या टीएक्सला; चिपची जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडला टेकवूनच वीज द्यायची, म्हणजे चिप नवं फर्मवेअर घ्यायला तयार होते. मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवा. फ्लॅशिंग (फर्मवेअर चढवणं) मध्येच तुटत असेल तर बहुधा अ‍ॅडाप्टरचा करंट अपुरा पडतोय. नव्या प्लगांत बरेचदा बीके७२३१ ही वेगळी चिप निघते, तिथे ओपनबेकन हे तसंच मुक्त फर्मवेअर चढवायचं. गंमत म्हणजे आता काही विक्रेते टास्मोटा घालूनच प्लग विकतात.