नवं गाणं तुमच्यापर्यंत पोचलं कसं? (अनुभव धागा)

मागचा_डबा

गेल्या मंगळवारी सकाळच्या बदलापूर फास्टमध्ये, मुलुंड गेल्यावर, दाराजवळच्या एका पोराच्या कानातलं ब्लूटूथ तुटलं आणि त्याचं गाणं फोनच्या स्पीकरवर सुरू झालं. पूर्ण आवाजात. पोरगा लाजला, बंद करायला धडपडला. पण आमच्या डब्यात भजन मंडळ असतं. त्यातले टाळवाले काका म्हणाले, "राहू दे, राहू दे. ठेका चांगलाय. कुठलं रे?"

"नायजर."

"नायजेरिया का?"

"नाही काका, नायजर. वेगळा देश."

घाटकोपर येईपर्यंत काकांनी टाळ लावून पाहिला. बसला नाही, पण फार लांबही नव्हता.

गायकाचं नाव पोराकडून विचारून घेतलं होतं: एम्दू मोक्तार. रात्री शोधलं. तुआरेग जमातीचा, डावखुरा गिटारवाला, तमाशेक भाषेत गातो. घरच्यांना संगीत पसंत नव्हतं, म्हणून त्याने सायकलच्या ब्रेकच्या तारा काढून पहिली गिटार स्वतःच बनवली. आता तो जगभर वाजवतो, तेव्हा त्याला नवोदित म्हणावं का हा वादाचा मुद्दा. मला तरी तो मंगळवारीच भेटला.

तर सांगा. जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यातलं नवं गाणं, नवा गायक तुमच्यापर्यंत पोचला कसा? कुणी दिला, तुम्ही शोधलात, की मोबाईलने आपणहून पानात वाढला? अट एकच. 'जुन्या गाण्यांची सर नव्यांना नाही' हे इथे लिहू नये. त्यासाठी दर पावसाळ्यात एक धागा निघतोच.

कॅसेटचा_खोका

वय ७४, मुक्काम गिरगाव. म्हणजे अट मोडणारच, माफी असावी.

१९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा', म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली, तिथे मी होतो. तिथे वाजवलेल्या सॉनी रॉलिन्स या सॅक्सोफोनवाल्याचं नाव त्याआधी ऐकलेलं नव्हतं. सॅक्सोफोन म्हणजे लग्नाच्या बँडमधलं वाद्य, एवढीच समज. त्या रात्री गिरगावपर्यंत चालत आलो, कारण बसमध्ये बोलावं लागलं असतं. पुढची अडतीस वर्षं काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानात बूथमध्ये उभं राहून ऐकायचं आणि दहातलं एक घ्यायचं, असा क्रम. काउंटरवरच्या माणसाला आपली आवड ठाऊक असायची. २०१६ साली दुकान बंद झालं आणि मला वाटलं, झालं, आता आपण आहे तेच ऐकत म्हातारं व्हायचं.

मग नातवाने रेडिओ गार्डन लावून दिलं. पृथ्वीचा गोल येतो, त्यावर हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाव. बोट ठेवलं की तिथलं स्टेशन लागतं. मी पाचला उठतो. तेव्हा उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. दूध तापेपर्यंत मी तिथली संध्याकाळ ऐकतो. नवी पोरं वाजवतात, मध्ये निवेदक भरभरून बोलतो, मला अक्षर कळत नाही. आवडलेलं नाव कानाला आलं तसं वहीत देवनागरीत लिहून ठेवतो. नातू म्हणतो, "आजोबा, याने गुगलला काहीच कळत नाही."

एक शंका आहे. तिथे ढोलांचा एक प्रकार फार लावतात, अगदी अंगात येईल असा. निवेदक त्याबद्दल बोलताना सारखं 'पियानो, पियानो' म्हणतो. मला पियानो कुठेच ऐकू येत नाही. माझ्या कानांचं काय ते बघायला हवं.

वाचनमात्र_होते

वाचतेय. लिहीन नंतर.

दोन_जीबी

मूळ धाग्यातला एम्दू मोक्तार वाचला आणि राहवलं नाही.

२००९ ते २०१३ कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला माझा काउंटर होता. 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील.' एक कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर, वरती एक पंखा. दोन जीबीचं कार्ड भरायचे तीस रुपये, घासाघीस केली तर वीस. गिऱ्हाईक गाण्याचं नाव सांगत नसे. "ते लग्नात वाजतं ते" किंवा "आमच्या गावाकडचं टाका" एवढंच. भोजपुरी, कोळीगीतं, कव्वाली, आंबेडकरी जलसे, सगळ्यांचे वेगळे फोल्डर. एखाद्याच्या कार्डात आधीपासून काही वेगळं दिसलं तर मी ते गुपचूप कॉपी करून ठेवायचो. बनारसच्या पोराकडून आलेलं गाणं दुसऱ्या दिवशी अलिबागच्या माणसाच्या खिशात. असा माल कुठल्याच दुकानात नव्हता.

नंतर कळलं की त्याच वर्षांत सहारा वाळवंटात हेच चालू होतं. तिकडे इंटरनेट नाही, वीज जेमतेम, पण फोनवरून फोनवर ब्लूटूथने गाणी जायची. एम्दू मोक्तारचा पहिला अल्बम २००८ साली नायजेरियातल्या सोकोतो गावी रेकॉर्ड झाला आणि तो असाच कार्डाकार्डांतून पसरला. क्रिस्टोफर कर्कली नावाचा अमेरिकन माणूस मालीच्या किदाल भागात लोकांच्या मेमरी कार्डांतली गाणी गोळा करत फिरला. फाईलवर नाव अर्धवट, गायक कोण ते माहीत नाही. त्याने एकेक गायक हुडकला, मग त्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. म्हणजे माझंच काम. फरक एवढाच की त्याने ज्याचं गाणं होतं त्याला शोधलं.

मी नाही शोधलं. चार वर्षांत कुठल्याही गायकाला माझ्याकडून एक रुपया गेला नाही. उलट नाशिककडचा एक शाहीर एकदा काउंटरवर आला, स्वतःचंच गाणं माझ्या लिस्टमध्ये बघितलं, आणि रागवायच्या ऐवजी म्हणाला, "वरच्या नंबरला टाका ना." मी टाकलं. चहा पाजला. एवढाच हिशोब.

गुरुवार_संध्याकाळ

ऐरोलीत आयटी, नाईट शिफ्ट.

पूर्वी अमेरिकेत मंगळवारी, इंग्लंडात सोमवारी, जर्मनीत शुक्रवारी असं नवं संगीत यायचं. १० जुलै २०१५ पासून जगभर एकच वार ठरला, शुक्रवार. आता मध्यरात्री बारा वाजता ज्या त्या देशात नवे अल्बम उघडतात. ज्या त्या देशात, हे महत्त्वाचं. माझी मैत्रीण ऑकलंडला असते. तिच्याकडे शुक्रवार लागतो तेव्हा माझे गुरुवारचे साडेपाच वाजलेले असतात, त्यांचा उन्हाळा असेल तर साडेचार. मी अजून कांदेपोह्यांची बशी घेऊन अंघोळीला जायच्या विचारात, आणि हिचा मेसेज, "ऐकलं. तिसरं गाणं बघ. आत्ता सांगत नाही." छळ आहे नुसता.

पण याचा फायदा असा की तिच्याकडची माओरी भाषेत गाणारी पोरं, समोआकडची पोरं मला तिच्या तोंडून कळतात. माझ्या फोनला माझी आवड पाठ आहे, म्हणून तो काल आवडलेल्यासारखंच आज देतो. मैत्रिणीला माझी आवड चांगलीच माहीत आहे, आणि ती मुद्दाम त्याच्या विरुद्ध पाठवते.

मागचा_डबा

दोन_जीबी, शाहीर अजून गातात का?

दोन_जीबी

गातात. यूट्यूबवर आहेत. लाईक करतो न चुकता.

पोस्टमनची_बेल

मी बँडकॅम्पवाली. तिथे कलाकार स्वतः गाणं विकायला ठेवतो, किमतीच्या पुढे आपल्या मनाने जास्त देता येतात, डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी घेते. २०२० च्या मार्चमध्ये सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडला, ते पुढे बरेच शुक्रवार चालू राहिलं. लॉकडाऊनमध्ये परळच्या दीड खोलीत मी, सासूबाई आणि हेडफोन. त्या काळात मी एस्टोनियातल्या एका व्हायोलिनवालीचं रेकॉर्डिंग घेतलं. आठवड्याने तिचंच पत्र ईमेलवर. भारतातून पहिलीच ऑर्डर, तुमच्याकडे पाऊस कधी सुरू होतो, असं विचारलं होतं.

मग हुरूप येऊन रेकॉर्ड मागवली. इथपर्यंत काव्य. पुढे बँकेचा ओटीपी तीनदा आला नाही, पैसे दोनदा कापले गेले, पार्सलावर कस्टमची ड्यूटी रेकॉर्डच्या किमतीच्या जवळपास, आणि उघडलं तर कव्हरची कड चेपलेली. शिवाय आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही, हे सासूबाईंनी तेव्हा लक्षात आणून दिलं. ती सध्या शोकेसमध्ये उभी आहे. पाहुणे विचारतात. त्यांना मोबाईलवरून ऐकवते.

लाल_पेन

शाळेत शिकवते, दहिसर. माझा अनुभव कडू आहे.

गेल्या वर्षी एका गायिकेच्या प्रेमात पडले. हळू आवाज, गिटार, समुद्र, पोर्तुगीज शब्द. दोन महिने रोज. मग तिची मुलाखत शोधायला गेले तर एकही नाही. कार्यक्रम नाही, गाव नाही, फोटोत बोटं सहा. त्याच सुमारास, २०२५ च्या उन्हाळ्यात, द व्हेल्वेट सनडाऊन नावाच्या बँडची बातमी आली. महिन्याला दहा लाखांवर ऐकणारे, आणि नंतर त्यांच्याच पानावर लिहून आलं की हे एआयच्या मदतीने केलेलं आहे. माझी बाईही त्याच गोत्रातली असणार.

फसवल्याचा राग येतोच. पण जास्त चीड याची की गाणं मला खरंच आवडलं होतं, आणि आता त्या आवडीचं काय करायचं ते कळत नाही. आता नवीन कुणी आवडलं की आधी बघते, हा माणूस कुठल्या गावात कधी उभा राहून गायलाय. पोलीस व्हेरिफिकेशनच म्हणा.

उन्हातला_प्रेक्षक

लाल_पेन, तुमच्यासाठीच लिहितो. २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव मुंबईत पहिल्यांदा झाला. सगळे सातला येतात, मोठ्या नावासाठी. तुम्ही दुपारी दोनला जा. ऊन, धूळ, समोर पन्नास माणसं, आणि स्टेजवर कुणी तरी पहिल्यांदा मुंबईत आलेलं. चुकतात, हसतात, पाणी पितात. बोटं मोजता येतात.

स्वयंपाकघर_लाईव्ह

आमच्याकडे शोध आई लावते. भाजी निवडताना फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवलेला, त्यावर टायनी डेस्क. वॉशिंग्टनच्या एनपीआर रेडिओच्या ऑफिसात, पुस्तकांनी भरलेल्या टेबलामागे कलाकार उभे राहून गातात, २००८ पासून चालू आहे. आईला आवडायचं कारण संगीत नव्हे. "बघ, कपाटावर किती पसारा. आपल्यासारखाच."

त्यांची नवोदितांसाठी स्पर्धा असते. पहिली २०१५ साली फँटास्टिक नेग्रिटो जिंकला, ओकलंडचा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या. तेव्हा वय सत्तेचाळीस. मोठ्या कंपनीशी करार होऊन मोडलेला, शिवाय मोटार अपघात, तीन आठवडे कोमात, गिटारचा हात जायबंदी. पुढे त्याला ग्रॅमी मिळाली. हे आईला वाचून दाखवलं. तिने गवार निवडता निवडता फक्त विचारलं, "सत्तेचाळीस म्हणजे नवोदित धरतात का तिकडे?" धरतात म्हटलं. आई त्रेपन्नची आहे. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पेटी काढायला लावली. भाता फाटलाय. दादरला टाकलीय दुरुस्तीला.

उलटी_गंगा

सगळे जग ऐकताय, ठीक. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. माझी भाची रॉटरडॅमला शिकते. तिच्या वर्गातल्या पोरांनी तिला शब्दांचे अर्थ विचारले. तिथे बसून 'तांबडी' आणि 'लाल' यांतला फरक डच पोरांना समजावत होती बिचारी. त्यांच्या लेखी आपण नायजरच.

वाचनमात्र_होते

आले परत. कॅसेटचा_खोका काका, तुम्ही ऐकता तो प्रकार कांदोंबे. उरुग्वेत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी जपलेलं संगीत. २००९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. त्यात तीन ढोल असतात, पट्ट्याने खांद्याला अडकवून एका हाताने आणि एका काठीने वाजवतात. लहान तो चिको, मधला रेपिके, आणि सगळ्यांत मोठ्या, खर्जातल्या ढोलाचं नाव पियानो. निवेदक बरोबर आहे. तुम्हीही.

कॅसेटचा_खोका

अहो, आभार. कानाच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली होती, ती रद्द करतो.