‘कॅश ऑन डिमांड’ला नाटक म्हणून हिणवणाऱ्यांसाठी

रीळवेडा:
काल इथे एकाने लिहिलं, हा सिनेमा म्हणजे दोन खोल्यांत उरकलेलं नाटक, हॅमर या ब्रिटिश भयपटवाल्या कंपनीने आपले ड्रॅक्युलाच काढावेत, आणि काळं-पांढरं दिसलं की लोक उगाच माना डोलावतात. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, १९६१ साली जेमतेम ३७ हजार पौंडांत केलेला सिनेमा आहे तो. दरोडा आहे, पण ना गोळीबार ना पाठलाग. आंद्रे मोरेल विमा कंपनीचा माणूस म्हणून ऐटीत बँकेत शिरतो आणि बायकोमुलाच्या जिवाची भीती घालून मॅनेजरच्याच हातून तिजोरी रिकामी करवतो. तो मॅनेजर, पीटर कुशिंग, सकाळी हाताखालच्या पिअरसनला किरकोळ चुकीवरून नोकरी घालवायची धमकी देतो. त्याच पिअरसनपुढे नंतर गयावया करताना त्याचा चेहरा बघा. आख्खा माणूस विरघळतो. त्याला मोटारींची धडकाधडक कशाला हवी?

परखड:
ते लिहिणारा मीच. नाटक म्हटलं ते उगाच नाही. मूळ टीव्ही नाटकच होतं. दिग्दर्शक क्वेंटिन लॉरेन्सही तोच, मोरेलही त्याच भूमिकेत. त्यात नाताळ, खडूस साहेब, शेवटी हृदयपरिवर्तन. डिकन्सच्या नाताळकथेतला कंजूस स्क्रूज बँकेत बसवलाय, झालं! ब्रिटनमध्ये लागायला १९६३ उजाडलं, तेही कात्री लावून. एवढा हिरा होता तर डब्यात का पडून होता?

कॅशियरकाकू:
सिनेमा राहू द्या बाजूला. असल्या साहेबाच्या हाताखाली मी नोकरी केलीय. एकदा दहा रुपये कमी भरले, तर आख्खी शाखा रात्री साडेनऊपर्यंत व्हाउचरं उपसत बसली. घरी लेक तापाने फणफणलेली. मी पर्समधून दहाची नोट काढून ठेवली, तर म्हणे, ‘हा गुन्हा आहे, मेमो देईन.’ कुशिंगला घाम फुटला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या!

निवृत्त_शाखाधिकारी:
मेमो द्यायलाच हवा होता. खिशातून भर घालणं म्हणजे तफावत लपवणं. आज दहा, उद्या दहा हजार. तपासणीत गळा कुणाचा अडकतो? सही आमची असते, बाई.

कॅशियरकाकू:
‘बाई’ कुणाला म्हणता? तुम्ही तेच साहेब तर नाही ना? लेकीचा ताप तुमच्या कुठल्या रजिस्टरात बसतो तेवढं सांगा.

निवृत्त_शाखाधिकारी:
वैयक्तिक होऊ नका. सिनेमात तरी बँक कशामुळे वाचते? पिअरसन विमा कंपनीला फोन करून पाहुण्याची खातरजमा करतो म्हणून. नियम पाळला म्हणून!

परखड:
धन्यवाद, शेवट फोडलात.

रीळवेडा:
साहेब, पिअरसनच्या नियमाला सगळ्यांचाच सलाम. पण तो नियम साहेब पाळत नव्हता, ज्याला साहेब हाकलायला निघाला होता तो पाळत होता. एवढं तरी बघा. आणि परखड, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही: अभिनय कसा होता?

परखड:
कुशिंग बरा आहे. बरं, चांगला आहे. पण नाटकातला चांगला.

कॅशियरकाकू:
आणि त्या मेमोवर मी आजतागायत सही केलेली नाही.