व्हीईपी (डोळ्यांना उजेड दाखवून मेंदूतून मिळणारा सिग्नल) लावायचं असेल तर भूल पूर्ण टीवाच (गॅसशिवाय, फक्त शिरेतून) का?

भूल_पीजी:
नमस्कार, पुढच्या आठवड्यात पिट्युटरी ट्यूमरची केस आहे, नाकातून काढणारेत, ट्यूमर कायझमवर (दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा) दाबतोय आणि पेशंटला दोन्ही बाजूंचं कमी दिसतंय. सर्जनना फ्लॅश व्हीईपी हवंय. आम्ही एरवी सेव्होवरच (सेव्होफ्लुरेन, भुलीचा गॅस) चालवतो पण मॉनिटरिंगच्या टीमचा निरोप आलाय की गॅस नको. अर्धा मॅक (गॅसच्या डोसचं माप) पण नाही चालणार का? आणि रिलॅक्संटचं (स्नायू सैल करणारं औषध) काय?

न्यूरोभूल:
अर्ध्या मॅकवर नजर चांगली असलेल्याचं सिग्नल मिळेलही कदाचित, पण तुमच्या पेशंटची नस आधीच दबलेली आहे, म्हणजे सुरुवातच कमजोर सिग्नलने होणार, त्यात गॅस कशाला. व्हीईपी थेट कॉर्टेक्समधून येतं, वाटेत सिनॅप्स (नसपेशींचे जोड) बरेच, त्यामुळे सेव्हो, आयसो, डेस कुठलाही गॅस घ्या, डोस वाढला की अॅम्प्लिट्यूड (सिग्नलची उंची) पडतं आणि लेटन्सी (सिग्नल यायला लागणारा वेळ) लांबते. नायट्रसही नको. कानाचं बीएईआर (आवाज ऐकवून ब्रेनस्टेममधून मिळणारा सिग्नल) गॅसमध्ये टिकतं म्हणून व्हीईपीही टिकेल असं धरू नका.
प्रोपोफॉल आणि रेमिफेंटानिल लावा, रेमी नसेल तर फेंटानिल. फक्त प्रोपोफॉल म्हणजे बिनधास्त असं अजिबात नाही हं, खोल गेलात, बर्स्ट सप्रेशन (मेंदूच्या लहरी मधेमधे सपाट होणं) आलं की तिथेही सिग्नल गायब. बीआयएस (भुलीची खोली दाखवणारा आकडा) ४० ते ६० मध्ये ठेवा आणि मुख्य म्हणजे एकसारखं ठेवा. ट्यूमर कायझमपासून सोडवताना बोलस (औषधाचा एकदम दिलेला डोस) देऊ नका, द्यावाच लागला तर आधी मॉनिटरिंगवाल्याला ओरडून सांगा.

सिग्नल_टेक:
+१, ते सांगणं फार गरजेचं आहे, कारण आम्ही सेकंदाला एक या हिशोबाने साधारण १०० फ्लॅशची सरासरी काढतो, म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते दीडेक मिनिट मागचं असतं, तेवढ्यात बोलस गेला असेल तर दोष सर्जनच्या हातावर येतो.
ईआरजी (डोळ्याच्या पडद्याचा सिग्नल) सोबत लावाच. ईआरजी पण गेला तर उजेडच पडद्यापर्यंत जात नाहीये, फ्लॅशचा गॉगल सरकलाय का बघा. ईआरजी जागेवर आणि एकाच डोळ्याचं व्हीईपी पडलं तर सर्जनना लगेच थांबवा. दोन्ही डोळ्यांचं एकदम पडलं तर कायझम ओढला गेला असू शकतो, म्हणून सर्जनना तेव्हाही सांगायचंच, पण त्याच मिनिटात भूल, बीपी, टेंपरेचर पण विचारायचं. आम्ही अॅम्प्लिट्यूड बेसलाइनच्या (सुरुवातीच्या नोंदीच्या) निम्म्यावर आलं की सांगतो. बेसलाइन इंडक्शननंतर, भूल स्थिर झाल्यावरच घेतो.
रिलॅक्संट खुशाल द्या, उलट स्नायूंचा नॉइज कमी होतो. एमईपी (स्नायूंच्या हालचालीवरून नसा तपासणारा सिग्नल) पण लावणार असाल तर मात्र नको.

भूल_पीजी:
खूप आभार दोघांचे! म्हणजे व्हीईपी शेवटपर्यंत नीट राहिलं तर नजर वाचली असं पेशंटच्या घरच्यांना सांगता येईल?

न्यूरोभूल:
नाही, तसं सांगू नका प्लीज. फ्लॅशने उजेड मागपर्यंत पोचला एवढंच कळतं. बाजूच्या फील्डचा एखादा तुकडा गेला तरी वेव्ह तशीच दिसू शकते, आणि या पेशंटचं नेमकं तेच दुखणं आहे. ऑपरेशनआधीचं पेरिमेट्री (नजरेच्या फील्डची तपासणी) फाइलला लावून ठेवा, पेशंट जागा झाला की दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा.