मदत हवी आहे: ध्वनिमुद्रणाचा मजकूर ट्रान्सक्रिप्शन सेवेकडून आपोआप परत गिटहबवर कसा आणायचा?

नमस्कार मंडळी,

मी मालवणची. इथल्या वाचनालयासाठी आम्ही काहीजण रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), जाळी विणणारे आणि मासे विकणाऱ्या बायका यांचं बोलणं रेकॉर्ड करतोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, आणि बाकीच्यांनाही दर्या आत येऊ देत नाही. तेव्हा कुठे माणसं निवांत बोलायला सापडतात. एरवी सकाळी किनाऱ्यावर कोणाला प्रश्न विचारणं म्हणजे शिव्या मागून घेणं.

सगळा व्यवहार गिटहबच्या (फाइली आणि त्यांतले बदल जपणारी ऑनलाइन सेवा) एका खाजगी रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात आहे, कारण पुढे तिथूनच ह्युगो या साधनाने साइट तयार होते. ऑडिओ मात्र रेपोत ठेवत नाही. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि त्याहून लहान असली तरी गिटच्या इतिहासात ती कायमची बसून राहते. त्यामुळे ऑडिओ क्लाउड स्टोरेजवर आणि रेपोत प्रत्येक मुलाखतीची एक छोटी यॅमल (साध्या मजकुरातल्या नोंदींची) फाइल: दुवा, गाव, तारीख, बोलणाऱ्याची संमती मिळाली की नाही.

ही यॅमल पुश झाली (गिटहबवर चढवली) की ॲक्शन्सचा, म्हणजे गिटहबच्या स्वयंचलित कामांच्या सोयीचा, वर्कफ्लो (ठरवून दिलेली कामांची साखळी) सुरू होतो (पाथ फिल्टर लावून तो मुलाखतींच्या फोल्डरपुरताच ठेवला आहे). तो ऑडिओचा दुवा ट्रान्सक्रिप्शन सेवेच्या एपीआयला (प्रोग्रामांनी बोलायच्या खिडकीला) देतो आणि सेवा एक जॉब क्रमांक परत देते. इथवर सुरळीत. जाण्याची वाट आहे, येण्याचीच नाही.

सध्या वर्कफ्लो तिथेच थांबून थोड्या थोड्या वेळाने "झालं का?" विचारत बसतो. मोफत खात्यावर खाजगी रेपोला महिन्याला २,००० मिनिटं मिळतात, आणि झोपून काढलेली मिनिटंही त्यातच मोजली जातात. लांब मुलाखती एकदम आल्या की कोटा भसाभस उतरतो.

सेवा काम झाल्यावर वेबहूक (दिलेल्या पत्त्यावर आपोआप जाणारा निरोप) पाठवते, म्हणून तिला गिटहबच्या रिपॉझिटरी डिस्पॅचचा (बाहेरून हाक मारून वर्कफ्लो सुरू करायच्या सोयीचा) पत्ता दिला. पण गिटहबला निरोपात इव्हेंट टाइप (घटनेचं नाव) हवा असतो, आणि सेवा स्वतःच्या ठरलेल्या साच्यातलं जेसन (माहिती मांडायचा एक प्रकार) पाठवते. हेडर एखादा बदलता येतो, साचा नाही. गिटहब विनंती परत लावतं.

आणि हाताने मजकूर आणून वर्कफ्लोकरवी कमिट केला (रेपोच्या इतिहासात नोंदवला), तर शुद्धलेखन तपासणी आणि साइट बांधणी हे दुसरे वर्कफ्लो जागेच होत नाहीत. मी केलेल्या कमिटवर मात्र होतात.

दोन अटी. घरचा जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून लावा असं कृपया सुचवू नका. पावसात आमच्याकडे लाइट आणि नेट दोघांचाही भरवसा नाही. आणि मजकूर थेट मुख्य शाखेत (रेपोच्या पक्क्या प्रतीत) जायला नको. सेवेला मराठी येते, मालवणी येत नाही. ती बोलणाऱ्याचं सगळं पुस्तकी करून टाकते, आणि मागे लाटांचा आवाज असला की कोणी न बोललेली वाक्यंही लिहिते. माणसाने ऐकून तपासल्याशिवाय पुढे नाही. काय करू?

प्रतिसाद १

ताई, वेबहूकच्या मागे लागण्याआधी साधा उपाय बघा. पहिला वर्कफ्लो जॉब क्रमांक यॅमलमध्ये लिहून तिथेच संपू दे. दुसरा वर्कफ्लो क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या घड्याळावर) दर तासाला उठेल, "बाकी" अशी खूण असलेले क्रमांक सेवेला विचारेल, तयार असतील ते आणेल आणि झोपी जाईल. प्रत्येक जॉबचं मिनिट वरच्या पूर्णांकात मोजतात, म्हणजे मिनिटाच्या आत आटोपला तर महिन्याला ७२० मिनिटं. रात्री कोणाला मजकूर हवाय? ते तास वगळलेत तर आणखी कमी.

क्रॉनची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची, आपण साडेपाच तास पुढे. आणि बरोबर तासाच्या ठोक्याला लावू नका. तेव्हा गर्दी असते आणि वर्कफ्लो उशिरा सुटतो. सतरावं मिनिट, त्रेचाळिसावं मिनिट, असं काहीतरी अडनिडं धरा.

प्रतिसाद २

क्रॉन चालेल, पण वेबहूक सोडून देऊ नका. मधे एक दुभाषा लागतो, एवढंच. क्लाउडफ्लेअर वर्कर किंवा तसलं कुठलंही छोटं सर्व्हरलेस फंक्शन (स्वतःचा सर्व्हर न लावता चालणारा प्रोग्राम) घ्या. सेवेची हाक त्याच्याकडे येईल, ते हेडरमधलं गुपित तपासेल आणि गिटहबला हव्या त्या साच्यात डिस्पॅच पाठवेल. पन्नासेक ओळींचं काम आहे.

क्लायंट पेलोडमध्ये (डिस्पॅचसोबत जाणाऱ्या माहितीत) पूर्ण मजकूर कोंबू नका, तिथे वरच्या पातळीवर १० च गुणधर्म चालतात आणि आकारालाही मर्यादा आहे. फक्त जॉब क्रमांक पाठवा, मजकूर वर्कफ्लो स्वतःच्या किल्लीने सेवेकडून आणेल. याचा मोठा फायदा असा, की कोणी खोटी हाक मारली तरी तुमच्या रेपोत कचरा शिरत नाही. असा जॉबच नाही म्हणून सेवा हात वर करते.

टोकन (गिटहबची प्रवेशकिल्ली) फाइन-ग्रेन्ड, म्हणजे मोजक्या परवानग्यांचं घ्या, त्या एका रेपोपुरतं, कंटेंट्स (रेपोतल्या फाइली) लिहिण्याच्या परवानगीचं. डिस्पॅच ऐकणारा वर्कफ्लो मुख्य शाखेवर असायलाच हवा. दुसऱ्या शाखेवर ठेवून चाचणी केलीत तर नुसती शांतता मिळेल आणि डोकं धरून बसाल. वेबहूक कधी कधी दोनदा येतो, म्हणून शाखेचं नाव जॉब क्रमांकावरूनच ठेवा. शाखा आधीच असेल तर गुपचूप बाहेर पडायचं.

प्रतिसाद ३

तिसऱ्या अडचणीबद्दल कोणीच बोललं नाही. ॲक्शन्सला आपोआप मिळणारं गिटहब टोकन वापरून केलेल्या पुशवर दुसरे वर्कफ्लो सुटत नाहीत. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर एक वर्कफ्लो दुसऱ्याला उठवेल, दुसरा पहिल्याला, आणि फेरा थांबणारच नाही. अपवाद फक्त वर्कफ्लो डिस्पॅच (वर्कफ्लो मुद्दाम सुरू करायची हाक) आणि रिपॉझिटरी डिस्पॅच यांचा.

पण तुमच्या बाबतीत निम्मी अडचण तुमच्याच अटीने सुटते. बॉटने (वर्कफ्लोने) मजकूर वेगळ्या शाखेवर टाकून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती) उघडायची, माणसाने ऐकून, दुरुस्त करून मर्ज करायची, म्हणजे मुख्य शाखेत मिसळायची. तो मर्ज माणसाच्या नावावर होतो, त्यामुळे साइट बांधणी आपोआप सुटते. शुद्धलेखन तपासणी तेवढी मजकूर आणणाऱ्या वर्कफ्लोतच पुढची पायरी म्हणून लावा. रेपोच्या सेटिंगमध्ये ॲक्शन्सला पुल रिक्वेस्ट उघडू देण्याचा पर्याय चालू करायला विसरू नका.

(मालवणी मजकुरावर प्रमाण मराठीची शुद्धलेखन तपासणी नेमकी कशासाठी, हे मला कळलेलं नाही.)

प्रतिसाद ४

गाववाले दिसतास, म्हणान मालवणीतच लिवतंय. शब्दांची यादी आत्ताच करूक घेवा: रापण, बांगडो, पेडवे, सुंगटा, वाड्यांची नावा. बऱ्याच सेवांका अशी यादी दिवक मेळता. व्हिस्पर (बोलणा लिवन काडणारा मॉडेल) वापरशात तर थय प्रॉम्प्टातली (आगाऊ दिल्ल्या सूचनेतली) शेवटची २२४ टोकनाच (शब्दांचे तुकडेच) धरतत, आणि आपल्या लिपीत ती लवकर संपतत. म्हणान रामायण लिवू नकात, त्या मुलाखतीक लागतले तेवडेच शब्द द्या. लाटांचो आवाज आसा तर फाइल धाडच्या आदी बोलण्याचे तुकडे येगळे काढा. माणूस गप रवलो काय यंत्र आपल्या मनान बोलूक लागता.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आजपासून क्रॉन लावते, सकाळी सहा ते रात्री दहा. दुभाष्याचं फंक्शन गणपतीनंतर, तोवर घरात कोणी संगणकाला हात लावू देणार नाही.

शुद्धलेखनाबद्दल: मुलाखतीच्या मजकुरावर नाही, आमच्या प्रस्तावनेच्या मजकुरावर ती चालते. पण खरंय, पाथ फिल्टरमध्ये ते वेगळं करायला हवं.

एकच राहिलं. बोलणाऱ्याने नंतर संमती मागे घेतली, तर पुल रिक्वेस्ट बंद करून भागत नाही, मजकूर कमिटमध्ये राहतोच. म्हणून विचार असा, की कच्चा मजकूरही ऑडिओशेजारी स्टोरेजवरच ठेवायचा आणि बोलणाऱ्याला वाचून दाखवून होकार मिळाल्यावरच रेपोत आणायचा. मग पुल रिक्वेस्ट उघडण्याची वेळ सेवेच्या उत्तरावर नाही, यॅमलमधल्या संमतीच्या ओळीवर ठरेल. त्या ओळीत "हो" पुश झालं की वर्कफ्लो सुटेल. यात कोणाला काही खोट दिसतेय का?

प्रतिसाद ३

खोट नाही. उलट मग दुभाषाही लागणार नाही, क्रॉनने मजकूर फक्त स्टोरेजवर नेऊन टाकला की झालं. स्टोरेजची किल्ली मात्र रेपोच्या सीक्रेट्समध्ये (गिटहबच्या गुप्त किल्ल्यांच्या कप्प्यात), यॅमलमध्ये नव्हे.