मार्बल क्वीन मनीप्लांटची पांढरी पानं कुठे गेली? सगळी वेल हिरवी होत चाललीय

गॅलरीतली_सकाळ (पुणे)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. जानेवारीत नर्सरीतून मार्बल क्वीन आणला, तोच तो पांढऱ्या-हिरव्या नक्षीचा मनीप्लांट. तेव्हा एकेक पान असं होतं की दुधात हिरवा रंग सांडल्यासारखं, घरी येणारं प्रत्येक माणूस विचारायचं कुठून घेतलंत म्हणून. हॉलमध्ये सोफ्याच्या कोपऱ्यात छताच्या हुकाला टांगला, खिडकी तिथून दहा-अकरा फुटांवर. आता ऑगस्ट संपत आला, वेल चार फूट खाली आलीय पण नवीन पानं जवळजवळ हिरवीच येतायत आणि आधीपेक्षा लहान, दोन पानांमधलं अंतर पण वाढलंय. वरती कुंडीच्या तोंडाशी तर टक्कल पडलंय, नुसत्या काड्या दिसतात. जुन्या पांढऱ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आणि या पंधरवड्यात खालची तीन पानं पिवळी होऊन गळली. कुंडीभोवती बारीक चिलटं पण फिरतायत.

पाणी रोज सकाळी एक पेला घालते, न चुकता. खत अजून काही दिलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात युरिया टाक चिमूटभर, एकीने चहाचा चोथा सांगितला. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, मनीप्लांटची वेल खाली लोंबू देऊ नये, वर चढवावी. मला ते झाड खरंच खूप आवडतं हो, रोज त्याच्याकडे बघितल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, म्हणून घाबरून विचारतेय. खत घालू का? आणि पांढरा रंग परत येतो का?

वेलवेडा_बोरिवली

दहा फूट म्हणजे झाडाच्या हिशोबाने अंधारच आहे. आपल्या डोळ्यांना हॉल उजेडाचा वाटतो कारण आपले डोळे सावरून घेतात, पानं नाही सावरून घेत. आधी ते खिडकीजवळ आणा, बाकीचं नंतर. आणि रोजचं पाणी आजपासून बंद.

मातीतले_हात (ठाणे)

ताई, युरिया अजिबात घालू नका, चहाचा चोथाही नको. पानं पिवळी, चिलटं आणि पावसाळ्यात रोजचं पाणी हे तिन्ही एकत्र आलं की मुळं कुजत असणार, आजारी मुळांना खत म्हणजे तापात जेवायला श्रीखंड देण्यासारखं आहे.

आता रंगाचं सांगते. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं म्हणजे तो भाग स्वतःचं अन्न बनवत नाही, शेजारच्या हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. उजेड कमी पडला की झाडाला पांढरं परवडत नाही, ते नवीन पानात हिरवं वाढवतं. झाड बिघडलं नाहीये, पोट भरायची धडपड करतंय. म्हणून उजेड वाढवला की पुढची पानं परत पांढरी यायला लागतात, पण जी हिरवी होऊन बसली ती हिरवीच राहणार, पान एकदा उघडलं की त्याची नक्षी ठरलेली.

एक गोष्ट मात्र जवळून बघा, चष्मा लावून बघा. वेलीची काडी हातात घ्या आणि पानाच्या देठापाशी जिथे गाठ असते, ज्याला आपण पेर म्हणतो, तिथे काडीवर पांढरे पट्टे दिसतात का ते पाहा. काडीवर पांढरा-हिरवा पट्टा असेल तर त्या पेराच्या डोळ्यातून नक्षीदार फांदी येण्याची शक्यता चांगली. काडी सलग हिरवी असेल, एकही रेघ नाही, तर तो शेंडा कितीही उजेडात ठेवलात तरी बहुतेक हिरवाच वाढेल, आणि हिरवा शेंडा जोमाने वाढतो, पांढऱ्याला मागे टाकतो. अशी फांदी मागे जिथे शेवटचं चांगलं नक्षीदार पान आहे तिथपर्यंत कापून टाकायची. जीव कासावीस होतो चार फुटाची वेल कापताना, मला माहितीये, पण कापाच.

उजेडाची परीक्षा सोपी आहे. दुपारी बाराच्या सुमारास जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद धरा आणि त्यावर एक वीतभर अंतराने हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उत्तम, बोटं ओळखू येतील इतपत धूसर असेल तरी चालेल, सावलीच पडली नाही तर तिथे मार्बल क्वीन ठेवू नये, साधा हिरवा मनीप्लांट ठेवावा. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तरी बिघडत नाही. पश्चिमेच्या उन्हात पांढरा भाग भाजतो, तपकिरी कागदी डाग पडतात, तिथे पातळ पडदा हवा. दक्षिणेची खिडकी असेल तर डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं हे लक्षात ठेवा, पावसाळ्यात जी जागा बरोबर होती ती तेव्हा बरोबर राहत नाही.

आणि टक्कल का पडलं तर कुंडी छताला आहे. खिडकीतून उजेड तिरका खाली येतो, कुंडीचं तोंड छताजवळ सावलीत राहतं, वेलीच्या टोकाला उजेड मिळतो, डोक्याला नाही. हुक खाली घ्या, कुंडीचं तोंड खिडकीच्या मधोमध आलं पाहिजे. मग एकदोन लांब वेली उचलून कुंडीतच मातीवर गोल फिरवा आणि आकड्याने म्हणजे केसांच्या यू पिनेने पेरापाशी दाबून ठेवा. पेरातून मुळं मातीत उतरतात आणि तिथून नवे शेंडे फुटतात, महिना-दीड महिन्यात डोकं भरायला लागतं.

सासूबाईंचं ऐका असं मी म्हणेन. हा वेल मुळात झाडावर चढणारा आहे. वर चढला, हवेतली मुळं कशाला तरी धरली, की पानं मोठी होत जातात, खाली लोंबला की लहान होतात. सोसायटीत आंब्याच्या बुंध्यावर चढलेला मनीप्लांट पाहिलाय ना, सुपाएवढी पानं असतात, तो हाच. तुम्हाला लोंबता आवडत असेल तर लोंबूदे, पण दोन शेंडे भिंतीवर हुक लावून आडवे-वर न्या, दोघींचं मन राहील.

तेवढं एकदा कुंडीतून काढून मुळं बघा आणि इथे सांगा.

वऱ्हाडी_पानं (नागपूर)

कडा तपकिरी होण्याबद्दल माझ्याकडून थोडं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. पहिल्या वर्षी कुलरच्या हवेला ओलावा असतो म्हणून मी कुंडी थेट कुलरसमोर ठेवली, तर पांढरी पानं आठवड्यात कडांनी चुरचुरीत झाली. ओलावा असला तरी जोराचा झोत सोसत नाही त्याला. मग कुलरच्याच खोलीत पण झोताच्या बाहेर, आडोशाला ठेवली तर छान राहिली. पुण्यात पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात असेल तर तेही बघा. पाणी फवारून फारसा उपयोग होत नाही, दहा मिनिटांत वाळतं, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसा, धूळ गेली की उजेडही जास्त मिळतो आणि पिठ्या ढेकूण लागला असेल तर लगेच दिसतो, तो देठाच्या बेचक्यात कापसासारखा लपून बसतो.

गॅलरीतली_सकाळ (पुणे)

काल रविवारी काढलं बाहेर. मातीतले_हात ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. वरून मी घातलेलं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा होता पण आत नर्सरीचा मूळ गोळा तसाच, चिकट मातीचा, विटेसारखा घट्ट, आणि बाजूचं कोकोपीट पिळलं तर पाणी निघालं. गोळ्याच्या आतली मुळं कोरडी तपकिरी आणि बाहेरची काळी, हात लावला तर साल निसटून हातात येत होती, वास पण येत होता डबक्यासारखा. रडूच आलं. थोडी मुळं मात्र पांढरी आहेत अजून. आता काय करू? फांद्या कापून पाण्यात ठेवू का?

मातीतले_हात (ठाणे)

रडू नका, पांढरी मुळं आहेत म्हणजे झाड आहे. नर्सरीतली बरीच रोपं आंध्रातून, कडियमच्या बाजूने येतात, तिथली चिकणमाती वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून चांगली पण घरातल्या कुंडीत तीच घात करते. पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं, आत शिरतच नाही, आणि आपण वरून कोकोपीट ओलं बघून खूश. गोळा बादलीत तासभर भिजवा, मग नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी हळू सोडवा. काळी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने काढून टाका. मुळं कमी झाली तर वरचा पसाराही त्या मानाने कमी करा.

माती अशी घ्या: दोन वाट्या कोकोपीट, एक वाटी गांडूळखत, एक वाटी परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), आणि मूठभर कोळशाचे तुकडे. परलाईट नसेल तर भाताचं तूस किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात, मी कित्येक वर्षं विटाच घालते. कुंडी मोठी घेऊ नका, मुळांपेक्षा बोटभर मोठी पुरे, मोठ्या कुंडीत ओल वाळतच नाही. खाली भोकं हवीतच, आणि बशीत पाणी साचू द्यायचं नाही.

फांद्यांचं: एकेक दोन-दोन पेरांचे तुकडे करा, पेराच्या खाली अर्धा इंच सोडून काप. पेराशिवाय नुसतं पान पाण्यात ठेवलं तर काही काळ राहील, मुळंही फुटतील एखादवेळी, पण त्यातून वेल कधीच होणार नाही. पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर. काचेची बाटली असेल तर बाहेरून ब्राऊन पेपर गुंडाळा म्हणजे शेवाळ धरत नाही, पाणी आठवड्याला बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात, बोटभर लांब झाली की मातीत लावा, फार दिवस पाण्यात ठेवली की मातीत रुळायला त्रास होतो. अगदी पांढरं पान असलेला तुकडा एकटा लावू नका, निम्मं-निम्मं असलेले निवडा.

पाणी वेळापत्रकाने नाही, बोटाने. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला, कोरडं लागलं तरच. टांगलेल्या कुंडीचं तर अजून सोपं, खालून उचलून बघायची, हलकी लागली की घालायचं. पावसाळ्यात माझ्याकडे दहा-बारा दिवसांनी वेळ येते, मे महिन्यात चौथ्या दिवशी. वरचा थर वाळू दिला की चिलटंही आपोआप कमी होतात कारण त्यांच्या अळ्या ओल्या थरातच जगतात.

दोन_मांजरांची_आई

एक राहिलं सगळ्यांचं. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर वेल हाताला लागेल एवढी खाली सोडू नका. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळूसारखेच, चावलं की तोंड खाजतं, लाळ गळते, सूज येते. माझ्या मांजरीने शेंडा चावला होता, रात्रभर आम्ही जागे. कापताना चीक हाताला लागला तरी धुवा, डोळे चोळू नका.

नवशिका_माळी

ऑनलाइन मार्बल क्वीनच्या बिया मिळतात, त्या घेऊन बघू का? रोपापेक्षा स्वस्त आहेत.

वेलवेडा_बोरिवली

नका घेऊ. मनीप्लांट घरात फुलतच नाही, फुलं आणणारं जिबरेलिन हे संप्रेरक तो स्वतः पुरेसं बनवत नाही, त्यामुळे बी कुठून येणार. मूळचा तो फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटाचा, १८८० मध्ये पोथॉस नावाने नोंदला गेला आणि आता त्याचं नाव एपिप्रेमनम ऑरियम आहे, जगभर जो पसरला तो फांद्या कापून कापूनच. मार्बल क्वीनची नक्षी तर फक्त फांदीनेच पुढे जाते. बोरिवलीकडे कधी आलात तर माझ्याकडून चार तुकडे घेऊन जा, पैसे नकोत.

गॅलरीतली_सकाळ (पुणे)

सहा आठवडे झाले, कळवायचं राहून जाऊ नये म्हणून लिहितेय. सात तुकडे लावले होते, पाच जगले. जे दोन गेले ते दोन्ही जवळजवळ पूर्ण पांढरे होते, ताईंनी सांगूनही मोह आवरला नाही. मूळ झाड आता बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीत, हुक दोन फूट खाली घेतला. आतापर्यंत फक्त तीनदा पाणी घातलं, चिलटं गेली. एक वेल सासूबाईंनी स्वतः दोरा बांधून खिडकीच्या चौकटीवर चढवलीय आणि सकाळी माझ्याआधी त्याच बघायला जातात.

परवा त्याच वेलीवर एक पान उलगडलं. देठापासून टोकापर्यंत एक बाजू पांढरी, दुसरी हिरवी ठिपक्यांची, अजून पूर्ण उघडलं नाहीये. त्याच्याखाली काडी बघितली, पट्टा आहे.