आस लावण्यातलं सुख

"आधीपासून आस लावून बसलं की शेवटी हिरमोड ठरलेला, त्यापेक्षा अपेक्षाच नको," असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. हिरमोड झालाच, तरी आधी मिळालेला आनंद कोणी काढून घेत नाही.

आमच्या परळ-लालबागकडे बघा. गणपतीच्या मूर्तीसाठी घरचा पाट बऱ्याच आधी चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा, कडेला खडूने आडनाव लिहून. मग पोरांच्या चकरा सुरू. आज नुसताच शाडूचा राखाडी आकार, पुढच्या खेपेला पितांबराचा पिवळा रंग, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. गणपती दीड दिवसाचा असला तरी पोरांच्या मनात तो कधीचा येऊन बसलेला असतो!

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, आवडत्या सिनेकलाकाराचं चुंबन मिळणार असेल तर किती मोजाल? लगेच मिळण्यापेक्षा तीन दिवसांनी मिळण्यासाठी त्यांनी जास्त किंमत सांगितली. विजेच्या झटक्याचं मात्र उलटं. तो खूप लांबणीवर असेल, तर तो टाळायला जास्त पैसे, कारण तोवरची धास्तीच नकोशी. निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो तो यातलाच.

म्हणून फोनवर मूर्ती निवडून थेट दारात मागवणाऱ्या आईबाबांना कळकळीची विनंती: यंदा एकदा तरी मुलांना रंगकाम चालू असताना चित्रशाळेत घेऊन जा.