मदत हवी आहे : ५-फ्लुरोयुरॅसिल क्रीमने कपाळ लालभडक झालंय, थांबवावं का?

वडणगेकर
सासरे, वय ६४, करवीर तालुक्यात ऊसशेती. जन्मापासून अल्बिनिझम (कातडीत रंगद्रव्य फार कमी, त्यामुळे ऊन लवकर बाधतं). कपाळ, टक्कल, कानांच्या कडा आणि हातांच्या मागच्या बाजूला खरखरीत चट्टे आहेत, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखे लागतात. कपाळावरच्या एकाची बायोप्सी झाली : ॲक्टिनिक केराटोसिस (उन्हाने होणारे खरखरीत चट्टे, पुढे कधी कॅन्सर होऊ शकतो), आत्ता कॅन्सर नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी ५-फ्लुरोयुरॅसिल ५ टक्के, दिवसातून २ वेळा, ३ आठवडे, फक्त कपाळ आणि टक्कल असं लिहून दिलंय. दुसरा आठवडा लागला आणि कपाळ लालबुंद, पापुद्रे, दोन-तीन जागी ओलसर. जिथं काहीच दिसत नव्हतं तिथंही लाल. सासूबाई म्हणतात ॲलर्जी आहे, बंद करा, कोरफड लावा. काय करावं? शेतावर जाऊ द्यायचं का? आणि घरात कुत्रं आहे, त्याचं काही?

पंचगंगाकाठ
वर्णनावरून तरी औषध लागू पडतंय. हे औषध पेशीला नवा डीएनए बनवू देत नाही, म्हणून भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी आधी मरतात. जिथं काही दिसत नव्हतं तिथं लाली उमटली ती त्यामुळेच : उन्हाने खराब झालेल्या, पण अजून वर न आलेल्या जागा. साधारण पहिल्या आठवड्यात लाली, दुसऱ्या-तिसऱ्यात आग, खपल्या, ओल. बंद केल्यावर भरून यायला २ ते ४ आठवडे, फिकट गुलाबी डाग त्याहून जास्त टिकतो. बरेच जण नेमके याच टप्प्यावर सोडतात आणि मग "क्रीमचा उपयोग नाही" म्हणतात.

तरी पुढच्या तारखेची वाट बघू नका. आज दिवसाउजेडी फोटो काढा, दवाखान्यात पाठवून विचारा. आग फार असेल तर डॉक्टर दोन-चार दिवस खंड देतात किंवा एक वेळ कमी करतात. तो निर्णय त्यांचा.

ही मात्र नेहमीची आग नव्हे : पू, पसरत जाणारी सूज, ताप, डोळ्यापर्यंत गेलेली लाली. आणि तोंडात फोड, जुलाब, ताप एकत्र आले तर क्रीम लगेच बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. काही जणांत हे औषध मोडणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना थोडंही अंगात गेलं तर बाधतं.

कोरफड, हळद, टूथपेस्ट काही नको. मेडिकलवाल्याकडची "खाज-गजकर्णाची" ट्यूब तर अजिबात नको, त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. खपली ओढू नका. कोमट पाण्याने धुवा आणि कोरडं पडलं तर साधं व्हॅसलिन, तेही क्रीम मुरल्यावर.

शाहूपुरी_फार्मा
आधी ट्यूबवर ५ टक्केच लिहिलंय का बघा. प्रमाण : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. कपाळाला त्याच्या निम्मी. जाड थर दिला म्हणजे लवकर गुण येतो असं नाही, आगच वाढते. धुऊन, पुसून, १० मिनिटांनी लावा. पापण्या, नाकपुडीची घडी, ओठांचे कोपरे यांपासून लांब, तिथं क्रीम साचतं. दुसऱ्याने लावायचं तर हातमोजे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हात लावू नये.

जाता जाता : या चट्ट्यांसाठी डायक्लोफेनॅकचा जेलही वापरतात, पण तो ३ टक्क्यांचा, २ ते ३ महिने. गुडघेदुखीचा १ टक्क्याचा जेल लावून काही होत नाही, लोक लावतात म्हणून सांगितलं. इमिक्विमॉड नावाचं मलम हा आणखी एक पर्याय. नेदरलँड्समध्ये २०१९ साली चार उपचारांची तुलना छापून आली. वर्षभरानंतर ५-फ्लुरोयुरॅसिलचा गुण सुमारे ७५ टक्के रुग्णांत टिकला, इमिक्विमॉडचा ५४ टक्क्यांत. मलम बदलून द्या म्हणायची घाई करू नका.

वडणगेकर
फोटो पाठवले. डॉक्टर म्हणाले चालू ठेवा. हातांच्या चट्ट्यांचं का नाही दिलं?

पंचगंगाकाठ
एका वेळी जास्त जागा घेत नाहीत. शिवाय हातांची कातडी जाड, तिथं ४ आठवडे किंवा अधिक लागतात, कधी आधी सॅलिसिलिक ॲसिडने खवले उतरवावे लागतात. एकटादुकटा जाड चट्टा द्रव नायट्रोजनने गोठवतात. त्यातला एखादा बुडाशी टणक लागला, दाबल्यावर दुखला, रक्त आलं किंवा महिन्याभरात फुगला तर मलम लावत बसू नका, पुन्हा बायोप्सी. कानाच्या कडा आणि खालचा ओठ यावर जास्त लक्ष.

शेताचं : उपचार चालू असताना सकाळी १० ते दुपारी ४ नको. गांधी टोपीने कान आणि मान उघडी राहतात, कपाळही निम्मं. रुंद काठाची टोपी, नाहीतर टॉवेल कानांवरून घेऊन. सनस्क्रीन एसपीएफ ५०, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, दर दोन तासांनी. जखमेवर चोळू नका. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून सोडायचं नाही.

शाहूपुरी_फार्मा
कुत्र्याचं गंभीर आहे. ट्यूब चावली किंवा लावलेलं कपाळ चाटलं तरी झटके येऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. ट्यूब कुलपात, वापरलेले मोजे-कापूस पिशवीत बांधून झाकणाच्या डब्यात. उशीचा अभ्रा रोज बदला, कुत्रं त्यावर झोपत असेल तर त्या खोलीत येऊच देऊ नका. चाटल्याचा नुसता संशय आला तरी ट्यूब सोबत घेऊन सरळ पशुवैद्याकडे, लक्षणांची वाट बघत बसू नका.